दोन सिगारेटी

फ्रांकोली नदीच्या पुलावरून मी रोज कामाला जाते.
पूल आहे. खाली दगड आहेत.
नदी कधीमधी येते, लांबच्या नातेवाइकासारखी, न कळवता,
आणि कॉफी उकळायच्या आत निघून जाते.

मी रंगाच्या टाक्या धुते.
तीन हजार लिटरचं पोट, भिंतींना चिकटलेला लाल,
अंगात रबरी डगला, हातात पाइप,
आणि समोरच्या घड्याळात वीस मिनिटं.
वीस म्हणजे वीस.
एकोणिसाव्याला पाइप बंद करणं
म्हणजे प्रार्थना अर्धी सोडून उठणं.
एकतीस वर्षं.

मार्चमध्ये केराल्त आली, नवी इंजिनिअर,
पेन्सिलीएवढा एक मीटर घेऊन.
टोक पाण्यात बुडवलं की गढूळपणाचा आकडा उठतो.
ती नाळीशी उकिडवी बसली.
मी तिचं पाणी जोखत होते,
ती माझं, अक्षरशः.
सहाव्या मिनिटाला म्हणाली, "रेमेई, झालं."
मी ऐकू न आल्यासारखं केलं.
आणखी चौदा मिनिटं
स्वच्छ टाकीवर स्वच्छ पाणी मारत राहिले.
ती काही बोलली नाही.
हे मला आवडलं नाही.
बोलली असती तर भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, वीस कुणी ठरवलं?
फाइलीत वीस होतं.
तिच्या आधीच्या फाइलीत वीस,
त्याआधीच्या, टंकलेल्या, पिवळ्या कागदावरही वीस.
कारण कुठेच नव्हतं.

मग मी एउडाल्डला फोन लावला.
त्यानंच मला पाइप धरायला शिकवलं.
आता शहाऐंशीचा आहे, कानात यंत्र,
कांब्रिल्सला कोंबड्या पाळतो.
तीनदा ओरडून विचारलं.
तो इतका हसला की त्याला ठसका लागला.
"वीस? अगं, मी पाइप टाकीच्या काठाला अडकवून
दारात जाऊन उभा राहायचो.
दोन सिगारेटी.
एक सावकाश, एक घाईत."

त्या रात्री मी वीजबिलाच्या पाठीवर हिशोब मांडला.
मिनिटाला साठ लिटर, जास्तीची चौदा मिनिटं,
दिवसाला चार टाक्या, वर्षाला दोनशेवीस दिवस.
दोन कोटी एकोणतीस लाख पंधरा हजार दोनशे.
वरचे दोनशे मी खोडले नाहीत.
मी जन्मात कधी सिगारेट ओढलेली नाही.

आता आम्ही आधी खरवडतो. कोरडं, रबरी पात्यानं,
आई पावाचा तुकडा ताटाच्या कडेनं फिरवायची तसं.
निघालेला रंग डब्यात जातो, विकला जातो.
मालकाला हे आधी कळलं, नदी नंतर.
सोमवारी पांढरा. मग सायीचा, पिवळा, नारिंगी,
विटकरी, तपकिरी,
आठवडा सावळा होत होत
शुक्रवारी काळा.
मधे धुणं नाही.
पहिल्याच महिन्यात कुणीतरी मधेच हिरवा घुसवला,
सायीचा रंग शेवाळी निघाला,
आणि केराल्त भांडारघरात जाऊन रडली.
मी तिला रुमाल दिला. रंगाचाच होता.

शुक्रवारी संध्याकाळी तेवढं धुणं.
शेवटचं, जवळजवळ नितळ पाणी
निळ्या पिंपात राखून ठेवायचं,
पुढच्या शुक्रवारी तेच पहिलं.

सहाव्या मिनिटाला मी पाइप बंद करते.
मग हातांचं काय करायचं ते कळत नाही.
टाकीत थेंब पडतात, टप्, आणि बऱ्याच वेळानं टप्,
हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.
दारात जाऊन उभी राहते.
इथून पूल दिसतो.
नदी काही या सगळ्यामुळे आलेली नाही.

उंबऱ्यापाशी फरशीवर
टाचेनं चिरडून विझवलेल्यांचे डाग आहेत,
बारीक, काळे, जोडीजोडीनं.
एवढ्या पाण्यात
तेवढे मात्र निघाले नाहीत.